गटचर्चेतला खलनायक

माझ्या पराभवाचं लेखन मी स्वतः केलं. दिग्दर्शन शेजाऱ्यांनी केलं आणि नेपथ्य आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कपाटाचं होतं. एवढं सगळं घरच्या घरी जमून आल्यावर बाहेरच्या कोणाला दोष द्यायला जागा उरत नाही. तरी मी तो देतो. या वयात तेवढाच एक छंद परवडतो.

आमचं कार्यालय वजनमापांचं. दुकानदार आपापले काटे आणि वजनं घेऊन येतात, आम्ही ती तपासतो आणि बरोबर असली तर त्यांच्यावर ठसा मारतो. तिथे मी ज्येष्ठ लिपिक. 'ज्येष्ठ' हा शब्द आमच्याकडे बढती न मिळालेल्या माणसाची समजूत काढायला वापरतात. आमचे पर्यवेक्षक निवृत्तीला आले होते आणि त्यांच्यानंतर ती खुर्ची माझी, हे इतकं ठरल्यासारखं होतं की शिपाई ती खुर्ची पुसताना मला विचारायचा, पाठीला उशी लागेल का? मी त्याला दर वेळी 'बघू पुढे' म्हणायचो. मनातून उशीचा रंगसुद्धा ठरवला होता.

मग वरून आदेश आला, की यापुढे पर्यवेक्षक व्हायचं तर व्यवस्थापनाची पदविका हवी. ती एका संस्थेकडून घरबसल्या मिळत होती. घरबसल्या हा शब्द ज्याने काढला त्याचं घर माझ्या घरापेक्षा मोठं असणार. मी नाव घातलं, पुस्तकं आणली आणि केस पिकलेल्या वयात पुन्हा पाठांतर सुरू केलं. मुलगी माझी उजळणी घ्यायची. तिच्या शाळेच्या दिवसांत मी तिला जे जे बोललो होतो ते तिने एकेक करून परत केलं. लेखी परीक्षा मात्र मी पास झालो, आणि चांगल्या गुणांनी झालो. आता राहिला होता फक्त गटप्रकल्प, आणि 'फक्त' हा शब्द मी तेव्हा मोठ्या आत्मविश्वासाने वापरत होतो.

संस्थेने सोयीसाठी एकाच कार्यालयातल्या चौघांचा गट केला. पहिला मी. दुसऱ्या आमच्या आवकजावकच्या बाई, ज्यांच्या हातून आलेलं पत्र कधी गहाळ होत नाही आणि गेलेलं कधी पोचत नाही. तिसरे स्टोअरकीपर. ते पितळेची प्रमाणवजनं कुलपात ठेवतात आणि स्वतःचे शब्दही त्याच कुलपात ठेवतात. चौथा होयबा. हे नाव कार्यालयाने ठेवलेलं. दिसायला नीटनेटका, वयाने माझ्या धाकट्या भावाहून धाकटा, आणि उभ्या आयुष्यात कोणालाही 'नाही' न म्हटलेला. साहेब म्हणाले आज गरम होतंय, तर हा कपाळ पुसायचा. त्याच खोलीत बाई म्हणाल्या गार वाटतंय, तर हाच उठून खिडकी लावायचा. मला तो 'भाऊसाहेब' म्हणायचा, मी त्याला 'अरे' म्हणायचो. तो माझा स्पर्धक आहे असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच्याही नसावं.

प्रकल्पाचा विषय आम्हीच निवडायचा होता, आणि तो माझ्याकडे कित्येक वर्षं तयार होता. आमच्याकडची रांग. वर्षाची मुदत संपत आली की सगळे दुकानदार एकदम येतात. छोट्या तागडीवाला आणि अवजड काटेवाला एकाच रांगेत उभे असतात. हातात ओझं धरून माणसं तिष्ठतात, कारण खाली ठेवलं तर पाय लागतो आणि काट्याची दांडी वाकते; वाकली की आम्ही तो काटा नापास करतो. म्हणजे घरून बरोबर निघालेला काटा आमच्या रांगेत चुकीचा होतो. हे मी माझ्या टेबलावरून रोज बघत होतो. माझा उपाय साधा होता: अवजड काट्यांना सकाळची वेळ, लहान वजनांना दाराशीच वेगळं टेबल, आणि भिंतीला लागून एक लांब बाक, माणसांना बसायला नव्हे, काटे ठेवायला. हा बाक माझा फार लाडका होता. त्याची उंचीसुद्धा मी मनात मोजून ठेवली होती.

आम्ही चौघांनी चहाच्या वेळी एकत्र बसून सगळं ठरवून टाकलं. बाईंनी दोन चांगल्या सूचना केल्या, स्टोअरकीपरांनी मान हलवली, होयबाने सगळ्यांना होय म्हटलं. प्रकल्प लिहून झाला. आणि मग संस्थेच्या नियमांचं पान कोणीतरी उघडलं.

नियम असा होता, की गटाची चर्चा संस्थेच्या ॲपवर, व्हिडिओ मीटिंगमध्येच झाली पाहिजे. तिचं रेकॉर्डिंग मार्गदर्शक मॅडम बघणार आणि त्यावरून प्रत्येकाला गुण देणार. ॲपबाहेर झालेली चर्चा ही चर्चा धरली जाणार नाही. आम्ही चौघं एका खोलीत, चार टेबलांवर, एकमेकांची शाई उसनी घेण्याइतके जवळ बसतो, हे नियमाला माहीत नव्हतं. मी हेल्पलाइनला फोन करून ते सांगितलं. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, आपल्याकडे इंटरनेट नाही का?"

पहिली मीटिंग आम्ही खोलीतच केली. चार टेबलं, चार फोन. सुरू केल्या केल्या चारही फोन एकमेकांचं ऐकून असे किंचाळायला लागले की रांगेतल्या एका दुकानदाराने हातातली वजनं सोडून दिली. मग असं ठरलं की एकमेकांपासून लांब जायचं. स्टोअरकीपर स्टोअरमध्ये गेले, तिथे रेंज नव्हती. बाई गच्चीवर गेल्या, तिथे वारा होता. होयबाला साहेबांनी स्वतःची केबिन उघडून दिली, कारण साहेब रजेवर होते आणि होयबाने विचारलं तर ते रजेवर असतानाही नाही म्हणत नसत. मी जिन्यात उभा राहिलो. आपल्याच टेबलापासून हाकलला गेलेला माणूस जिन्यात उभा राहून भिंतीशी व्यवस्थापनावर बोलतोय, हे दृश्य येणाऱ्याजाणाऱ्यांनी मन लावून पाहिलं. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळं ठीक होईल असंही सांगितलं. म्यूटचे, गोठलेल्या चेहऱ्यांचे वगैरे प्रकार झालेच. ते प्रत्येकाच्या घरी होऊन गेलेले असल्यामुळे त्यांचं दुःख मी सांगत नाही.

पुढच्या मीटिंगा आपापल्या घरून केल्या आणि रेकॉर्डिंग पाठवलं. संस्थेचा शेरा आला: 'चर्चा आढळली नाही.' मी पुन्हा फोन केला. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली की मॅडमनी रेकॉर्डिंग पाहिलं, त्यात सगळे सदस्य फक्त हो म्हणतात. मी म्हटलं की आमचं आधीच एकमत झालंय. ती म्हणाली की ते मीटिंगमध्ये व्हायला हवं होतं. मी म्हटलं, झालेलं एकमत पुन्हा कसं करणार? ती म्हणाली, "सर, मग आधी मतभेद करा. पर्याय आला पाहिजे, आक्षेप आला पाहिजे, मग सर्वसहमती. पोर्टलवर दिलंय." आयुष्यभर माणसं मतभेद टाळायला धडपडतात आणि या संस्थेच्या पोर्टलवर ते करायचे कसे याच्या पायऱ्या दिलेल्या होत्या.

हे सगळं मी आमच्या इमारतीच्या जिन्यात कठड्याशी उभा राहून शेजाऱ्यांना सांगितलं, आणि हीच माझी पहिली चूक. आमचे शेजारी वीजबिलांच्या खात्यातून निवृत्त झालेले, पण तरुणपणी त्यांनी कार्यालयाच्या स्नेहसंमेलनात तीन नाटकं बसवली होती. त्यानंतरची नोकरी, संसार, आजारपण हे सगळं त्यांनी मध्यंतर म्हणून काढलं. सगळी इमारत त्यांना दिग्दर्शक म्हणते. त्यांनी डोळे मिटून माझं ऐकलं आणि म्हणाले, "तुम्हाला चर्चा नको आहे. तुम्हाला संहिता हवी आहे."

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. झालेलीच चर्चा पुन्हा नीट लिहून काढायची आणि ती कॅमेऱ्यासमोर म्हणायची, यात फसवणूक ती काय? कार्यालयात आम्ही इतिवृत्त आधी लिहितो आणि सभा नंतर घेतो, त्यावर सगळे जण डोळे मिटून सह्या करतात. मी कामाला लागलो. सुट्टीच्या दिवशी बसून लिहिलं. बाईंना त्यांच्या सूचना दिल्या, स्टोअरकीपरांना एकेका वाक्याची उत्तरं दिली, होयबाला अधूनमधून 'उत्तम' म्हणायला ठेवलं, आणि सगळा उपाय, वेळा, टेबल, बाक, सगळं माझ्या तोंडी ठेवलं. साहजिकच होतं, ते माझंच होतं.

दिग्दर्शकांनी संहिता वाचली आणि चष्मा काढला. म्हणाले, हे कीर्तन झालं. एक बोलतो, तिघं माना डोलावतात. संघर्ष कुठाय? विरोध करणारा कोणीतरी हवा, तोही ताठ हवा. तो जितका ताठ, तितका शेवटी पटल्याचा परिणाम मोठा. मग प्रश्न आला की विरोध करणार कोण? बाई म्हणाल्या की त्या घरून बोलतात, शेजारच्या खोलीत सासूबाई असतात, आणि सुनेला विरोध करता येतो हे त्यांना आजवर कळलेलं नाही ते तसंच राहू दे. स्टोअरकीपरांना विरोध म्हणजे एका वाक्यापेक्षा जास्त बोलावं लागलं असतं. होयबाला मी करून बघितलं. त्याला वाक्य दिलं, 'नाही, हे चालणार नाही.' त्याने ते म्हटलं, आणि पुढे स्वतःचं जोडलं, 'म्हणजे आपण म्हणत असाल तर चालेलही.' पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं तर त्याला घाम फुटला. बिचाऱ्याच्या प्रकृतीलाच ते सोसत नव्हतं.

दिग्दर्शक माझ्याकडे वळले. "खलनायक लेखकाने करावा. त्यालाच कळतं कुठे किती मारायचं ते. आणि हिंमतही लागते, ती तुमच्याकडे आहे."

हिंमत आहे असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. घरी तर नाहीच नाही. मी त्या रात्री जेवणसुद्धा जरा ताठ बसून केलं. दुसऱ्या दिवशी संहिता फिरवली. माझी सगळी वाक्यं होयबाला दिली आणि त्यांच्या विरोधातली सगळी वाक्यं माझ्यासाठी नवीन लिहिली. गंमत अशी, की माझ्या उपायावर कोणते आक्षेप येऊ शकतात हे मला जेवढं माहीत होतं तेवढं कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे विरोध फारच बहारदार झाला. 'वर्षानुवर्षं चाललंय ते बदलायची गरज काय?' 'लोकांना सवय आहे उभं राहायची.' 'बाक कशाला, उद्या गाद्या मागतील.' ही वाक्यं मी आमच्या जुन्या साहेबांच्या तोंडून जन्मभर ऐकली होती आणि मला ती मनापासून घृणास्पद वाटायची. म्हणूनच ती चांगली उतरली. शेवटी होयबा शांतपणे सगळ्यांची बाजू घेऊन समजावतो आणि मी विरघळतो, असा शेवट केला. माझं शेवटचं वाक्य होतं, 'ठीक आहे. मी माझा आग्रह सोडतो. तुमचंच म्हणणं बरोबर आहे.' त्याच्याआधी मी कंसात 'क्षणभर थांबून' असं लिहिलं. दिग्दर्शकांनी त्या कंसाखाली लाल रेघ ओढली आणि 'वा' लिहिलं.

तालमी आमच्याकडे झाल्या. बायको चहा देता देता सगळं ऐकत होती. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने कपबश्या गोळा करता करता विचारलं, "बाक तुमचा ना?"

"हो."

"मग तो त्याच्या तोंडी का?"

मी तिला नाट्यशास्त्र समजावलं. संघर्ष म्हणजे काय, उत्कर्षबिंदू म्हणजे काय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिला शास्त्र कळत नाही, पण बघणाऱ्या मॅडमना हे नाटक आहे हे कोण सांगणार आहे? मी हसलो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या प्रश्नावर हसायचं नसतं एवढं तरी मला कळायला हवं होतं.

प्रयोगाचा दिवस दोनदा पुढे गेला, एकदा बाईंच्या सासूबाईंमुळे आणि एकदा वरच्या मजल्यावर भिंत फोडत होते म्हणून. शेवटी एका दुपारी सगळे आपापल्या घरून स्क्रीनवर आले. माझ्यामागे कपाट होतं, त्यातली बरणी आणि इस्त्रीचे कपडे काढून दिग्दर्शकांनी जाड पुस्तकं भरली होती. ते स्वतः लॅपटॉपच्या मागे उभे होते, कॅमेऱ्यात न दिसता, आणि दोन्ही हातांनी आवाज वर-खाली करायच्या खुणा करत होते. बायको बाहेर गेली होती. प्रयोग पुढे ढकललाय अशीच तिची समजूत होती, कारण सुधारित तारीख तिला सांगायचं काम मी मुलीला दिलं होतं आणि मुलीने ते मला दिलं होतं.

सुरुवात छान झाली. होयबाने प्रस्ताव मांडला. मला मान्य केलं पाहिजे, की त्याने तो माझ्यापेक्षा चांगला मांडला. दुसऱ्याचं म्हणणं स्वतःचं असल्यासारखं बोलायची त्याला आयुष्यभराची सवय. मी पहिला आक्षेप घेतला. बाईंनी मुद्दा जोडला. मग स्टोअरकीपरांची पाळी आली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि संथपणे वाचलं, "विचारात पडून. दोन्ही बाजू मनात तोलत. बाक असावा."

कंसातलं सगळं त्यांनी वाचलं होतं. समोर दिग्दर्शकांनी स्वतःचं डोकं धरलं आणि मला सावरायची खूण केली. मॅडमना संशय येऊ नये म्हणून मी भडकलो. संहितेत नव्हतं तेवढं भडकलो. म्हटलं, हे काय तोलणं लावलंय, बाक काही असणार नाही, मी या कार्यालयात इतकी वर्षं काढली, मला शिकवू नका. दिग्दर्शकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांचे हात वर जायला लागले, आणखी वर, आणखी वर, आणि मी त्यांच्याबरोबर चढत गेलो. मी टेबलावर मूठ आपटली. माझ्यामागचं एक जाड पुस्तक पडलं. आणि नेमकं त्याच वेळी दार उघडून बायको पिशव्या घेऊन आत आली. तिला दिसलं ते एवढंच, की नवरा एकटा कपाटासमोर बसून लोकांवर ओरडतोय.

"अहो, किती तो हेका," ती दारातूनच म्हणाली. "घरात करता ते पुरत नाही का? ऐकून घ्या ना जरा त्यांचं."

मग तिला दिग्दर्शक दिसले आणि ती पिशव्या घेऊन आत गेली. पण ॲप सगळ्यांचं ऐकतं. पुढे होयबा समजावत गेला, मी ठरल्याप्रमाणे विरघळलो, क्षणभर थांबून शेवटचं वाक्य म्हटलं. दिग्दर्शकांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुन्हा रेकॉर्डिंग करूया का असं मी विचारलं, तर ते म्हणाले की तुमच्या बाईसाहेबांनी जो खरेपणा आणलाय तो दहा तालमींत येणार नाही. पाठवून द्या. आम्ही पाठवून दिलं.

निकाल पोर्टलवर आला. गटप्रकल्प उत्कृष्ट. मग एकेकाचे शेरे. आवकजावकच्या बाई: 'समन्वय चांगला.' स्टोअरकीपर: 'बोलण्यापूर्वी स्वतःची विचारप्रक्रिया गटासमोर प्रांजळपणे मांडतात. दुर्मीळ गुण.' होयबा: 'अत्यंत अभ्यासू मांडणी. तळाच्या माणसाच्या अडचणीची जाण. विरोधाला संयमाने सामोरे जातात. नेतृत्वगुण ठळक.' आणि मी. माझा शेरा सगळ्यांत लांब होता. 'बदलास विरोध. सहकाऱ्यांचा अवमान. सामान्य नागरिकाच्या त्रासाबद्दल अनास्था. घरातील व्यक्तीसही हस्तक्षेप करावा लागला. अखेरीस माघार घेतली एवढी जमेची बाजू. सहकार्य या विभागात अनुत्तीर्ण. पुढील वर्षी नव्या गटासोबत पुन्हा प्रयत्न करावा.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या बाकासाठी मी किती वर्षं झुरलो होतो आणि कागदावर मी त्या बाकाचा शत्रू होतो. मला इतका राग आला की रडू आलं. ते मी तोंड धुण्याच्या नावाखाली मोरीत उरकून घेतलं. बाहेर आलो तर बायको टॉवेल घेऊन उभी होती. 'मी सांगत होते' हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं, आणि ते तिने गिळलं. तिने ते म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दिग्दर्शकांना सांगायला गेलो. त्यांनी शेरा मोठ्याने वाचला आणि माझा हात हातात घेतला. "म्हणजे भूमिका जमली," ते म्हणाले. "लोकांना खऱ्या आयुष्यात तुमचा राग आला. कलावंताला आणखी काय हवं?" मला पर्यवेक्षकाची खुर्ची हवी होती, पण ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

रजा काढून संस्थेच्या कार्यालयात गेलो. तीन खिडक्या फिरल्यावर तक्रारीची खिडकी सापडली, ती फक्त ऑनलाइन उघडते अशी पाटी तिच्यावर होती. बाजूच्या खिडकीतल्या गृहस्थांना दया आली. त्यांनी हळू आवाजात विचारलं की तक्रारीचं कारण काय लिहिणार? मी म्हटलं, मी तसा नाही. ते म्हणाले, पण रेकॉर्डिंगमध्ये तुम्हीच आहात ना? मी म्हटलं, ते आधी लिहिलेलं होतं. त्यांनी लगेच खिडकीबाहेर डोकावून कोणी ऐकत नाही ना हे पाहिलं. असं लिहाल तर गैरप्रकार धरतील, म्हणाले, चौघांचाही निकाल रद्द. बाईंना पगारवाढ मिळणार होती. स्टोअरकीपरांनी तर शेरा चौकट करून भिंतीला लावला होता. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याचं कोणी कौतुक केलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. मी छत्री उचलली आणि घरी आलो.

दरम्यान साहेब निवृत्त झाले. खुर्ची रिकामी ठेवता येत नव्हती आणि पदविका लागत होती. बाईंना त्या पदाबरोबर येणारं उशिरापर्यंत थांबणं नको होतं, स्टोअरकीपरांना माणसं नको होती. राहिला होयबा. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी लहानपणी शिकलो होतो, पण नागोबा इतका नम्र असू शकतो हे म्हणीत कुठे नव्हतं. तो माझ्या पाया पडायला आला. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "अरे, तो बाक माझा होता. तुला माहीत आहे ना?"

त्याने माझ्याकडे मनापासून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत लबाडी असती तर मी त्याला माफ केलं असतं.

"भाऊसाहेब, लिहिलंत तुम्ही, ते खरंच," तो म्हणाला. "पण विरोधही तुम्हीच केला होतात ना? मला तर वाईट वाटलं होतं तेव्हा."

त्या दिवसापासून मी त्याला 'अहो साहेब' म्हणतो. पहिल्यांदा म्हणताना जड गेलं, आता सरावलो. शिपायाने खुर्चीला उशी आणली. रंग मी मनात ठरवला होता तोच निघाला. त्यात मात्र कोणाचा दोष नाही, दुकानात तो एकच रंग होता.

योजना लागू झाली. सकाळी अवजड काटे, दाराशी लहान वजनांचं टेबल, भिंतीला बाक. दुकानदार खूश झाले, साहेबांचं नाव झालं. साहेबांना आता मीटिंगा ॲपवरच घ्यायच्या असतात, कारण तिथे त्यांना यश आलं. ते केबिनमध्ये बसतात, आम्ही बाहेर, मध्ये एक काचेचं दार. किंचाळणं होऊ नये म्हणून मला जिना कायमचा नेमून दिला आहे.

परवाची मीटिंग बाकावर होती. वरचे अधिकारी भेटीला येणार, तर त्या भिंतीवर योजनेची माहिती देणारा मोठा फलक लावायचा, आणि फलक नीट दिसावा म्हणून बाक काढायचा, असं साहेबांनी सुचवलं. कोणीतरी वरून सुचवलं असणार, आणि ते होय म्हणाले असणार. मी जिन्यातून हात वर केला. म्हटलं, साहेब, बाक काढू नका. माणसं पुन्हा काटे हातात धरून उभी राहतील, खाली ठेवतील, दांड्या वाकतील, आणि आपण ते नापास करू. फलक दुसऱ्या भिंतीला लावा. पण तो बाक राहू द्या.

माझा आवाज जरा वर गेला असेल. स्क्रीनवरच्या चौकोनांत सगळे हसायला लागले. बाई ओळखीचं हसल्या, स्टोअरकीपर दोन्ही बाजू मनात तोलू लागले. कोणीतरी म्हणालं, सुरू झालं भाऊसाहेबांचं. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला संयमाने समजावलं. अगदी तसंच, तेवढ्याच शांतपणे, त्याच आवाजात. त्यांचं बोलून झाल्यावर सगळे चौकोन माझ्याकडे बघत थांबले.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी माझा आग्रह सोडतो. तुमचंच म्हणणं बरोबर आहे."

त्याआधी मी क्षणभर थांबलो होतो. तिथे थांबायचं, असं मीच कंसात लिहिलं होतं.